आयबी शाळेत लर्निंग सपोर्ट, परीक्षेत जादा वेळ आणि एलडी प्रमाणपत्र: अर्ज कुठे, कागद कोणते

पुण्या-मुंबईच्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांतल्या पालकांचा एक समज पक्का असतो: मुलाच्या शिकण्यातल्या अडचणींचा मानसशास्त्रज्ञाकडून एकदा रिपोर्ट काढला की तो सगळीकडे चालतो. तसे होत नाही. वर्गात रोज मिळणारी मदत (लर्निंग सपोर्ट) शाळा ठरवते, परीक्षेतली सवलत आयबी संस्था मंजूर करते आणि एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळते. तिघांचे निकष आणि कागद वेगळे आहेत, वेळापत्रकही वेगळे आहे. आयबीचा एमवायपी (मिडल इयर्स प्रोग्राम) हा कार्यक्रम 11 ते 16 वयोगटासाठी, म्हणजे साधारण सहावी ते दहावीसाठी आहे. ही तिन्ही कामे सहावी-सातवीत सुरू केली तर दहावीत धावपळ होत नाही.

शाळेतली मदत

सुरुवात लेखी करा. वर्गशिक्षक आणि लर्निंग सपोर्ट विभाग या दोघांना एकच ई-मेल पाठवा. 'अभ्यासात लक्ष नाही' असे मोघम लिहू नका. 'फळ्यावरचे उतरवायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो', 'तोंडी उत्तर बरोबर, लेखी अर्धवट', 'गणिते येतात पण शाब्दिक उदाहरण वाचतानाच अडतो' असे नेमके लिहा. सोबत मागच्या दोन वर्षांची प्रगतिपत्रके, दोन-चार वह्यांची पाने आणि डोळे व कान तपासल्याचे कागद जोडा. ही तपासणी बरेच पालक टाळतात आणि प्रक्रिया तिथेच अडते. दृष्टी किंवा ऐकण्याचा दोष नाही हे स्पष्ट झाल्याशिवाय पुढच्या चाचण्यांना अर्थ नाही.

यानंतर शिक्षकांच्या नोंदी गोळा होतात, बैठक होते आणि मूल्यमापनासाठी तुमची लेखी संमती मागितली जाते. मूल मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतून नुकतेच आले असेल, तर अडचण इंग्रजीची आहे की शिकण्याची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्याला मराठी उतारा वाचायला आणि श्रुतलेखन लिहायला द्या. मराठीत वर्षानुवर्षे शिकूनही जोडाक्षरे गळत असतील, काना-मात्रा इकडेतिकडे जात असतील, तर दोष नव्या माध्यमाचा म्हणून सोडून देऊ नका. मराठी सहज जमत असेल तर मुलाला इंग्रजीच्या जादा तासांची गरज आहे, एलडीच्या शिक्क्याची नाही. शाळेने हा फरक न पाहता थेट बाहेरच्या चाचणीला पाठवले, तर कारण विचारायला संकोचू नका.

गरज निश्चित झाली की आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार होतो. सही करण्यापूर्वी त्यात तीन गोष्टी शोधा: आठवड्याला किती तासिका आणि कोणाकडे, प्रत्येक विषयात कोणती सोय, आणि फेरआढाव्याची तारीख. 'गरजेनुसार मदत' असे वाक्य असेल तर ते बदलून घ्या; पुढे त्यातून काहीच सिद्ध करता येत नाही.

आराखड्यात सोय आहे की अभ्यासक्रमच हलका केला आहे, हेही बघा. जादा वेळ, मोठा टाइप, लॅपटॉप या सोयी आहेत. अपेक्षा तीच राहते. उद्दिष्टेच कमी केली असतील तर ते सातवीत मुलाला दिलासा देणारे असेल, पण दहावीच्या आयबी परीक्षेत अशी मुभा मिळत नाही.

शॅडो टीचरचा, म्हणजे वर्गात एकाच मुलासोबत बसणाऱ्या मदतनीस शिक्षकाचा खर्च बहुतेक ठिकाणी पालकांवर पडतो आणि लर्निंग सपोर्टची फी अनेकदा वेगळी असते. दोन्ही आकडे प्रवेशाआधी लेखी घ्या.

रिपोर्ट

मूल्यमापन भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या मानसशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या आणि रिपोर्टवर नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा. चाचणी करणारी व्यक्ती विद्यार्थ्याची नातेवाईक असेल तर आयबी तो रिपोर्ट स्वीकारत नाही. घरात मानसशास्त्रज्ञ असणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

सर्वात जास्त घोळ चाचणीच्या निवडीत होतो. सरकारी रुग्णालयांत बऱ्याचदा एमआयएसआयसी ही बुद्धिमापन चाचणी आणि निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची एलडी चाचणीमाला वापरतात. निम्हान्सच्या चाचण्यांचा निष्कर्ष 'वाचन दोन इयत्ता मागे' अशा स्वरूपाचा असतो. आयबीला मात्र प्रमाणित गुण हवे असतात: सरासरी 100, प्रमाण विचलन 15. जादा वेळेसाठी कामाच्या वेगाशी संबंधित एखाद्या मापनात, उदाहरणार्थ वाचनाचा वेग, लेखनाचा वेग किंवा माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग, 90 किंवा त्याखाली गुण दिसले पाहिजेत. एमआयएसआयसीमध्ये प्रक्रियेच्या वेगाचा वेगळा निर्देशांकच नाही. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की रिपोर्ट आयबीसाठी हवा आहे, आणि वेक्स्लरसारखी, वेगाचा स्वतंत्र गुण देणारी बुद्धिमापन चाचणी होईल ना हे विचारा. एकूण बुद्ध्यांक 118 असूनही वेगाचा गुण 84 असू शकतो. 'मूल तर हुशार आहे' म्हणून अर्जच न करणे चूक आहे.

रिपोर्ट लेटरहेडवर, सही-तारखेसह हवा. चाचण्यांची नावे, गुण, निदान आणि शिफारस स्पष्ट असावी. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश. मराठी कागद असतील तर भाषांतर जोडावे लागते. परीक्षेच्या वेळी रिपोर्ट तीन वर्षांहून जुना नसावा. पाचवीत काढलेला रिपोर्ट दहावीला उपयोगी पडणार नाही. सहावी-सातवीत एक आणि आठवीच्या शेवटी ताजा एक, असा हिशेब ठेवा.

आयबीकडे अर्ज

तुमची शाळा दहावीत एमवायपी ई-असेसमेंटला, म्हणजे आयबीच्या संगणकावरच्या परीक्षेला मुले बसवते का, हे आधी विचारा. तो पर्याय शाळेचा असतो. काही शाळा आठवीनंतर आयजीसीएसई या केंब्रिजच्या दहावीच्या परीक्षेकडे वळतात. तिथे केंब्रिजचे नियम आणि अर्ज वेगळे, आणि तो शाळेच्या परीक्षा विभागामार्फत जातो.

आयबीकडे पालकाला थेट अर्ज करता येत नाही. एमवायपी कोऑर्डिनेटर तो आयबीआयएस या ऑनलाइन प्रणालीत भरतो. सोबत दोन प्रकारचे पुरावे लागतात: मानसशास्त्रीय किंवा वैद्यकीय रिपोर्ट, आणि शाळेचा पुरावा. शाळेचा पुरावा म्हणजे कोणती सोय केव्हापासून दिली जाते याचे शिक्षकांचे पत्र, किंवा सवलत न देता ठरलेल्या वेळेत सोडवून घेतलेला पेपर. बरेच अर्ज इथे लंगडे पडतात. मुलाने वर्गात कधी जादा वेळ वापरलाच नसेल, तर केवळ परीक्षेसाठी तो मागण्याला आधार राहत नाही. आयईपीत सोय लिहा, ती चाचण्यांमध्ये प्रत्यक्ष वापरा, तारखांसह नोंद ठेवा.

जादा वेळ बहुधा 25 टक्के मिळतो. दोन तासांचा पेपर अडीच तासांचा होतो. लेखनिक आणि वाचक यांनाही पूर्वमंजुरी लागते. वेगळी खोली, सोयीची बैठक, रंगीत ओव्हरले (मजकुरावर ठेवायची पारदर्शक रंगीत शीट) यांसाठी ती लागत नाही, शाळाच व्यवस्था करते. मेच्या परीक्षेसाठी मुदत आदल्या वर्षीच संपते, त्यामुळे नववीच्या उन्हाळी सुट्टीपूर्वी सगळे कागद कोऑर्डिनेटरकडे द्या आणि पोच घ्या. हात मोडणे, अचानक आजार अशा प्रसंगी उशिरानेही विनंती करता येते.

सरकारी प्रमाणपत्र

आयबीसाठी हे आवश्यक नाही. पण दहावीनंतर राज्य मंडळाच्या अकरावीत जायचे असेल तर खासगी रिपोर्टवर सवलत मिळत नाही, अधिकृत प्रमाणपत्रच लागते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांचा समावेश आहे, त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे एलडी आहे.

स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचे ओळखपत्र) अर्ज करून रुग्णालय निवडा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. रुग्णालयात जाताना शाळेचे पत्र, प्रगतिपत्रके, वह्या आणि जुने रिपोर्ट न्या. मुंबईत सायन रुग्णालयातले एलडी क्लिनिक या कामासाठी परिचित आहे. एका भेटीत काम होत नाही: बालरोगतज्ज्ञ, डोळे-कान, बुद्धिमापन, मग शैक्षणिक चाचण्या असा क्रम असतो.

2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर मिळत असे आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागत असे; या सूचना 2024 मध्ये बदलल्या, म्हणून सध्याची वये रुग्णालयात विचारून घ्या. चौदाव्या वर्षीची तपासणी करावी लागली तर ती बहुधा आठवी-नववीत येते, नेमके आयबीसाठी ताजा रिपोर्ट काढायच्या सुमारास. दोन्ही चाचण्या एकाच महिन्यात लावू नका. बुद्धिमापन चाचणी लगेच पुन्हा दिली की सरावामुळे गुण वाढतात आणि दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत.

अमेरिकेतून परतलेली मुले

तिथला आयईपी किंवा 504 प्लॅन (तिथल्या शाळेने दिलेल्या सोयींचा लेखी आराखडा) इथल्या शाळेवर कायद्याने बंधनकारक नाही, पण आधीपासून सोय मिळत होती याचा तो चांगला पुरावा ठरतो. परतण्यापूर्वी तिथल्या शाळेकडून चालू आयईपी, शेवटच्या मूल्यमापनाचा पूर्ण रिपोर्ट आणि प्रगतीच्या नोंदी मागून घ्या. गुणांच्या तक्त्यांशिवायचा सारांश इथे कामी येत नाही, आणि इथे आल्यावर ते कागद मिळवणे जिकिरीचे होते.