सोलरचा काळा लेप: प्लेट की ट्यूब या वादाची पार्श्वभूमी

लातूर-परभणीकडं गच्च्यांवर पाणी तापवायचा, काचेच्या ट्यूबवाला सोलर आता सर्रास दिसतो, पण त्याच्या ऊन शोषणाऱ्या काळ्या-निळ्या लेपाची गोष्ट जुनी आहे.

खरा बदल झाला 1955 मध्ये. तोवर सोलरमधल्या पाणी तापवणाऱ्या धातूच्या प्लेटला साधा काळा पेंट मारायचे, तो ऊन 95 टक्क्यांच्या आसपास शोषतो खरं पण तापला की तेवढ्याच जोरात उष्णता बाहेर टाकतो. मग इस्रायलमधून सिलेक्टिव्ह लेप आला, म्हणजे चकचकीत धातूवर एकदम पातळ काळा थर. उन्हाची जवळपास सगळी ऊर्जा 2.5 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतल्या लहरींत असते आणि 80 डिग्रीला तापलेली प्लेट मात्र 8 मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त उष्णता सोडते, त्यामुळं थर एका मायक्रॉनपेक्षा बराच पातळ ठेवला की उन्हासाठी तो काळा आणि लांब लहरींसाठी जवळजवळ नसल्यासारखाच, खालचा धातू तेवढा उरतो आणि चकचकीत धातू उष्णता फार सोडत नाही. जाडी वाढवली की हा फायदा जातो.

असे लेप पुढं येत गेले: ब्लॅक निकेल, ब्लॅक क्रोम, मग ऑस्ट्रेलियात काचेच्या नळीवर स्पटरिंगनं, म्हणजे व्हॅक्यूममध्ये धातूचे कण उडवून दिलेले थर, आणि चीनमध्ये त्या नळ्या ढिगानं बनायला लागल्यावर भाव उतरले.

आपल्याकडं वाद रंगला तो तांब्याची प्लेट घ्यायची की ट्यूब यावर. प्लेटवाले म्हणायचे लेपाचं एवढं कौतुक कशाला, आणि त्यात तथ्य होतं, कारण प्लेट आणि तिच्यावरच्या काचेमध्ये हवा असते, उष्णता हवेतूनच बरीच जाते. ट्यूबच्या दुहेरी काचेमध्ये व्हॅक्यूम, म्हणजे हवा नसलेली पोकळी असल्यानं लेपाचा पुरेपूर उपयोग होतो. शिवाय बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं तांब्याच्या बारीक नळ्या चोंदतात, ट्यूब 58 मिलिमीटर जाडीची, लवकर चोंदत नाही, म्हणून मराठवाड्याला ट्यूबच बरी असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त उन्हाळ्यात नळाला पाणी आठ-आठ दिवस येत नाही, टाकी रिकामी पडते, ट्यूब कोरडी तापते आणि भर दुपारी टँकरचं गार पाणी आत गेलं की काच तडकते. टाकी भरायची ती पहाटे. आणि नळीच्या टोकाचा चंदेरी डाग पांढरा झाला की व्हॅक्यूम गेला, मग लेप कितीही चांगला असू दे, ती नळी बदलायचीच.