समान किंमत आणि जवळचा विक्रेता : सुतारकामाच्या उंची यंत्रांच्या बाजारामागची पार्श्वभूमी

सुतारकामाची उंची विद्युत यंत्रे जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावीत, असे आवाहन व्यावसायिक सुतार आणि हौशी कारागीर एकमेकांना नेहमी करतात. त्यामागे आपुलकी आहेच, पण तेवढ्यानेच हे आवाहन टिकलेले नाही. या श्रेणीतील काही ब्रँडचे यंत्र ज्या बाजारात दुकानात आणि ऑनलाइन एकाच भावाने मिळते, तेथे ग्राहकाला दुकानदाराची बाजू घेण्यासाठी पदरचे पैसे घालावे लागत नाहीत. हा सारखा भाव आला कुठून, हे पाहायचे तर यंत्रांपेक्षा किमतीविषयीचे कायदे चाळावे लागतात.

विजेवर चालणारे हातड्रिल १८९५ मध्ये जर्मनीत तयार झाले आणि पिस्तुलासारखी मूठ व घोडा असलेल्या ड्रिलला १९१७ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धानंतर ही यंत्रे कारखान्यांतून घराघरांत पोहोचली आणि हार्डवेअरच्या दुकानांतून विकली जाऊ लागली.

दुकानदाराने माल किमान किती किमतीला विकावा हे उत्पादकाने त्याच्याशी करार करून ठरवणे, हे अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९११ च्या निकालाने सरसकट बेकायदा ठरले. १९१९ च्या निकालाने मात्र एक वाट मोकळी ठेवली. उत्पादकाने आपली किंमत एकतर्फी जाहीर करावी आणि ती न पाळणाऱ्याला माल देणे थांबवावे. करार नसल्याने त्यात कायद्याचा भंग होत नाही. पुढे मंदीच्या काळात छोट्या दुकानदारांच्या दबावामुळे राज्यांनी किमान किमतीला संरक्षण दिले, १९३७ मध्ये केंद्रीय कायद्यानेही त्याला मान्यता दिली आणि १९७५ मध्ये ती काढून घेतली. ब्रिटनने १९६४ च्या कायद्याने ही पद्धत बहुतांशी मोडीत काढली होती.

त्यानंतरच्या काळात अमेरिकेत टपालाने माल पाठवणाऱ्यांचे फावले. ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान, गोदाम किंवा माणसे नाहीत तेथील विक्रीकर त्याच्याकडून वसूल करून घेता येणार नाही, असा निकाल १९९२ मध्ये लागला. परिणामी, यंत्राचा छापील भाव तोच असला तरी दुकानातल्या बिलावर कर चढे आणि टपालाने आलेल्या मालावर तो बहुधा भरलाच जात नसे. महाग यंत्रावर हा फरक किरकोळ नव्हता. ही तफावत दूर व्हायला २०१८ उजाडले.

सर्वाधिक वाद झाला तो अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालावर, आणि तो निकाल यंत्रांविषयी नव्हताच. चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या एका कंपनीने, आपला माल वीस टक्के सवलतीने विकणाऱ्या दुकानाचा पुरवठा बंद केला होता. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९११ चा निकाल रद्द केला आणि किमान किमतीचा करार सरसकट बेकायदा न मानता, त्याचा स्पर्धेवर प्रत्यक्ष काय परिणाम होतो हे प्रत्येक प्रकरणात तपासावे असे ठरवले. बहुमताचा एक मुख्य मुद्दा असा की, जो दुकानदार जागा, माणसे आणि प्रात्यक्षिक यांवर खर्च करतो त्याच्याकडे ग्राहक माहिती घेतो आणि खरेदी मात्र स्वस्त विक्रेत्याकडे करतो; असे होत राहिले तर प्रात्यक्षिकच बंद पडते.

हा मुद्दा सुतारकामाच्या यंत्रांना चांगलाच लागू पडतो. रेलवर, म्हणजे फळीवर ठेवायच्या मार्गदर्शक पट्टीवर, सरकणाऱ्या प्लंज करवतीचेच (जिचे पाते वरून खाली लाकडात उतरवता येते) पाहा. नव्या रेलच्या कडेला असलेली पट्टी पहिल्या कापाच्या वेळी त्याच करवतीने कापून घ्यायची असते, म्हणजे तिची कड पात्याशी तंतोतंत जुळते, रेल थेट खुणेवर ठेवता येते आणि लॅमिनेटचे टवके उडत नाहीत. हे काम करवत रेलवर डुगडुगणार नाही अशी बसवून झाल्यावरच करायचे असते. जाणत्या विक्रेत्याने ते एकदा समोर करून दाखवले की ग्राहकाच्या पक्के लक्षात राहते. खोक्यातल्या पत्रकातून ते बहुधा निसटते.

विरोधी मताच्या न्यायाधीशांचा आक्षेपही साधा होता : किमान किंमत बांधली की ग्राहकाला जास्त पैसे मोजावे लागतात. तो खोटा म्हणता येणार नाही, कारण ज्याला प्रात्यक्षिकाची गरज नाही असा मुरलेला सुतारही त्या सेवेचे पैसे भरतोच. मेरिलंड राज्याने तर २००९ मध्ये आपल्या कायद्यात बंदी पुन्हा आणली. तरीही सेवेची झळ सोसणाऱ्या दुकानदाराच्या दृष्टीने २००७ चा निकाल फार उशिरा आला, असेच म्हणावे लागते. जाहिरातीतील किमान किंमत हा वेगळा प्रकार असून या चर्चेत तो सर्रास मिसळला जातो. त्यात बंधन फक्त जाहिरातीतल्या आकड्यावर असते आणि काउंटरवर घासाघीस करायला दुकानदार मोकळा राहतो.

युरोपात किमान विक्री किंमत लादणे आजही निषिद्ध आहे, त्यामुळे तेथील झगडा विक्रीच्या मार्गावरून झाला. अधिकृत विक्रेत्याला ऑनलाइन विक्रीची सरसकट मनाई करता येत नाही असे २०११ मध्ये ठरले, तर चैनीच्या मालाच्या बाबतीत त्रयस्थ बाजारमंचावर (अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या दुसऱ्याच्या संकेतस्थळावर) विकण्यास मनाई करता येते असे २०१७ मध्ये. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी एकाच विक्रेत्याला दुकानात विकायच्या आणि ऑनलाइन विकायच्या मालासाठी वेगवेगळी घाऊक किंमत लावण्याची मुभा दिली, मात्र फरक दोन्हींकडील खर्चाशी सुसंगत असावा आणि त्यातून ऑनलाइन विक्रीच अशक्य होऊ नये, अशी अट घातली. त्याच नियमांनी, ग्राहकाला स्वतः थेट विकणाऱ्या उत्पादकाने आपल्याच विक्रेत्यांकडून कोणती माहिती घ्यावी यालाही मर्यादा आखल्या आहेत. विक्रेता पुढे कोणत्या किमतीला विकणार आहे, हे अशा उत्पादकाने त्याच्याकडून काढून घेणे साधारणपणे या मर्यादेबाहेर जाते.