तोफेच्या नळीला भेग पडते तेव्हा

तोफेची नळी गोळा घासून झिजते, असा सर्रास समज आहे. घर्षणाने झीज होतेच. पण रणगाड्याच्या तोफेत नळीचा मोठा शत्रू म्हणजे दारूचा तप्त वायू. त्याचे तापमान 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि पोलाद तर 1500 अंशांच्या आतच वितळते. बार काही सहस्रांश सेकंदांत आटोपतो, उष्णता खोल मुरायला वेळ मिळत नाही, म्हणून नळी तगते. वरून क्रोमियमचा मुलामाही असतो, जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा. तो 1900 अंशांपर्यंत वितळत नाही.

तरीही नळी खराब होते, कारण विजेच्या साहाय्याने चढवलेला हा थर बसतानाच आकसतो आणि त्यात केसाहून बारीक भेगा पडतात. पहिला बार उडण्याआधीच! पुढे प्रत्येक बाराला थर तापतो, प्रसरण पावू पाहतो, पण खालचे थंड पोलाद त्याला पसरू देत नाही. निवताना तोच थर ताणला जातो आणि भेगा खोल जाऊन पोलादाला भिडतात.

यापुढचे सगळे थराच्या आड घडते आणि मला तेच सर्वांत विलक्षण वाटते. वापरलेल्या नळीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर भेगेच्या टोकाशी पोलादात खळगा दिसतो. वायू तिथवर पोचलेला असतो. साडेसातशे अंशांच्या आसपास पोलादाची स्फटिकरचना बदलून ऑस्टेनाइट होते आणि झटकन निवताना त्याचेच कठीण, ठिसूळ मार्टेन्साइट बनते. वायूतल्या कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बनही पोलादात शिरतो आणि कार्बनने भरलेले लोखंड 1150 अंशांनाच वितळू लागते. वर क्रोमियम शाबूत, म्हणून खळगा आडवा पसरतो. शेजारचे दोन खळगे एकमेकांना मिळाले, की मधल्या क्रोमियमचा आधार जातो आणि ओल मुरलेल्या भिंतीच्या रंगासारखा त्याचा पोपडा सुटतो. उघड्या पडलेल्या पोलादाची झीज मग फार वेगाने होते.

‘नॅनो मुलाम्याने नळी अमर’ असले दावे वाचताना कठीणपणाच्या आकड्यांना भुलू नये. थराला भेगा किती पडतात आणि तो पोलादाला किती घट्ट धरतो, हे आधी विचारावे.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हलिएटच्या बेने प्रयोगशाळेत क्रोमियमऐवजी टँटलम या धातूच्या मुलाम्यावर बरेच काम झाले आहे. टँटलम 3000 अंशांपर्यंत टिकते. मात्र त्याची दोन रूपे आहेत: अल्फा लवचिक, बीटा ठिसूळ. पोलादावर थर देताना नेमके बीटा सहज तयार होते आणि तेच आधी तडकते. खाली नायोबियम या दुसऱ्या धातूचा पातळ थर दिला तर अल्फा बसायला मदत होते. पण 120 मिलिमीटर व्यासाच्या, पाच मीटरहून लांब नळीत तो सगळीकडे सारखा बसवणे हे अवघड काम आहे.