रेझोनेटर गिटार

तबलीच्या (वरच्या लाकडी पाटीच्या) कंपनाऐवजी पोटात बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या शंकूतून (कोन) आवाज देणारी गिटार. १९२०च्या दशकात अमेरिकी बँडमध्ये सॅक्सोफोन आणि बँजोपुढे साधी गिटार ऐकूच येत नसे. लॉस एंजेलिसचा वादक जॉर्ज बीचम याला मोठ्या आवाजाचे वाद्य हवे होते. स्लोव्हाकियात जन्मलेला कारागीर जॉन डोपीएरा याने ते घडवले. १९२७पासून ‘नॅशनल’ या नावाने या गिटारी तयार होऊ लागल्या. पुढे याच बीचमने वीजगिटारीच्या खटपटीत पुढाकार घेतला आणि आपल्याच जुन्या वाद्याची गरज संपवत आणली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उत्पादन थांबले.

वाद्याचे तीन प्रकार आहेत. ‘ट्रायकोन’मध्ये सहा-सहा इंचांचे तीन कोन असतात आणि इंग्रजी टी अक्षरासारखी धातूची घोडी (तारांना आधार देणारी पट्टी) त्यांना जोडते. याचे अंग बहुधा जर्मन सिल्व्हरचे. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्ताचाच मिश्रधातू. आवाज गोलसर आणि लांब टिकणारा. ‘बिस्किट’ प्रकारात साडेनऊ इंचांचा एकच कोन असतो. त्याच्या टोकावर बिस्किटाएवढी लाकडी चकती आणि तिच्या खाचेत घोडी. सूर फटकन उठतो आणि तितक्याच लवकर विरतो. तिसऱ्या प्रकारात साडेदहा इंचांचा कोन वाटीसारखा तोंड वर करून ठेवून त्यावर आठ पायांचा धातूचा सांगाडा, म्हणजे ‘स्पायडर’, बसवतात. हा ‘डोब्रो’चा प्रकार, मुख्यतः ब्लूग्रास या अमेरिकी लोकसंगीतवाल्यांचा. डोब्रो म्हणजे डोपीएरा ब्रदर्स; स्लोव्हाक भाषेत या शब्दाचा अर्थ ‘चांगले’ असाही होतो.

ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतातल्या वादकांनी उचलले ते मुख्यतः बिस्किट. पोलादी अंगाची ‘डुओलियन’ त्यातल्या त्यात स्वस्त होती आणि माईकशिवाय गर्दीत ऐकू जात असे. बुका व्हाइट तिच्यावर तालवाद्यासारखे हात मारी. सन हाउस बाटलीच्या गळ्यासारखी नळी बोटात घालून तारांवर सपासप सरकवी. टॅम्पा रेडची गिटार मात्र सोन्याचा मुलामा दिलेली ट्रायकोन होती.

या वाद्यासाठी आयुष्य वेचलेला माणूस म्हणजे बॉब ब्रोझमन (१९५४–२०१३). ब्लूजच्या वाटेने तो नॅशनलपर्यंत आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. या गिटारींचा सविस्तर इतिहास त्याने १९९३ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. काही वर्षे कोलकात्यात राहिलेला हवाईचा ज्येष्ठ वादक टाऊ मो याच्याबरोबर त्याने ध्वनिमुद्रण केले, पुढे भारतीय स्लाइड गिटारवादक देबाशिष भट्टाचार्य यांच्याबरोबरही. आवाज मोठा म्हणून जन्मलेले वाद्य त्याने हळू वाजवूनही ऐकवले, आणि त्याची खरी श्रीमंती तिथेच कळते.

स्लाइडसाठी, म्हणजे तारांवर नळी सरकवून वाजवण्यासाठी, तारा जाड लागतात : पहिली किमान ०.०१३ इंच, सहावी ०.०५६च्या आसपास. बारीक तारांचा दाब कोनाला पुरत नाही, आवाज पत्र्यासारखा येतो. तारा मोकळ्या छेडल्या की स्वरमेळ (कॉर्ड) वाजेल अशा लावतात. जाड तारेपासून सुरुवात करून ‘ओपन जी’ लावायचा तर डी-जी-डी-जी-बी-डी, ‘ओपन डी’ लावायचा तर डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. नळी करंगळीत घालून नेमकी पडद्याच्या धातूवर ठेवायची; नेहमीच्या बोटासारखी पडद्याअलीकडे ठेवली की सूर उतरतो. नळीमागची बोटे तारांवर अलगद टेकलेली हवीत, नाहीतर मागच्या भागातूनही नको ते सूर निघतात.

बिघाड बहुतेक वेळा एकच : झणझण. ही सतारीच्या जवारीसारखी हवीहवीशी नसते. कोन डिंकाने चिकटवलेला नसतो. आतल्या कडेवर तो केवळ तारांच्या दाबाने बसलेला असतो. कडेखाली धुळीचा कण गेला किंवा कड वाकली की तो थरथरतो. मात्र आधी वरच्या झाकणाचे स्क्रू तपासावेत, मग घोडीच्या खाचा. रुंद झालेली खाचही अगदी तसाच आवाज करते. त्यानंतरच कोन काढावा. तारा उतरवून, झाकण उघडून कोन दोन्ही हातांनी कडेशी धरून उचलायचा, बसायची जागा कोरड्या कुंचल्याने पुसायची आणि कोन न दाबता ठेवायचा. मध्यावर अंगठा दाबला की पातळ पत्र्याला खळगा पडतो. तो ठोकून सरळ केला तरी मूळचा आवाज परत येत नाही, कोनच बदलावा लागतो. स्पायडरच्या मधला स्क्रूही जपून फिरवावा : ढिला असला तर खडखडतो, फार आवळला तर कोनाचा श्वास कोंडतो.

तारा बदलताना एकेक करून बदलाव्यात. सहाही एकदम काढल्या तर दाब जातो, कोन जागचा हलतो आणि काल नीट वाजत असलेली गिटार आज कारण नसताना झणझणू लागते.