फ्रेंच कॅनेडियन आडनावे व वंशशोधन

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच भाषिक घराण्यांत मूळ आडनावाला ‘दी’ (म्हटला जाणारा, स्त्रीलिंगी ‘दीत’) या शब्दाने दुसरे नाव जोडण्याची आणि ते पुढील पिढ्यांत चालविण्याची रीत होती. ‘मिव्हिल दी देशेन’ हे तिचे एक उदाहरण. एकाच व्यक्तीची नोंद बाप्तिस्म्याच्या वेळी एका, विवाहात दुसऱ्या आणि दफनाच्या वेळी दोन्ही नावांनी झालेली आढळते, आणि येथेच वंशशोधकाची खरी अडचण सुरू होते.

या रीतीच्या उगमाविषयी एकमत नाही. प्रचलित मतानुसार ती सैन्यातून आली. १६६५ मध्ये कॅरिन्यां-साल्येर या फ्रेंच पलटणीचे सुमारे १,२०० सैनिक येथील फ्रेंच वसाहतीत उतरले व त्यांपैकी सुमारे ४०० तेथेच स्थायिक झाले. लाफ्लर (फूल), साँसूसी (निश्चिंत), लात्युलिप (ट्यूलिपचे फूल) अशी त्यांची पलटणीतील नावे मुलाबाळांनी पुढे चालविली. फ्रान्समध्ये १७१६ च्या राजाज्ञेने पलटणींच्या नामावल्या ठेवण्यास सुरुवात झाली आणि अशा नावांना बहुधा त्यामुळे अधिक स्थैर्य आले. मात्र ती त्याआधीपासून रूढ होती, हे उघड आहे. शिवाय सेंतोंजसारखी नावे फ्रान्समधील मूळ प्रांतावरून पडलेली आहेत, तर काही जमिनीवरून किंवा पूर्वजाच्या पहिल्या नावावरून. क्वेबेकमधील बातिस्कां येथे वसलेल्या रिव्हार बंधूंपैकी निकोला ‘लावीन्य’, तर रोबेर ‘लोरांजे’ म्हणून ओळखला जाई. पुढे निकोलाच्या मुलांतही लान्वेत, प्रेव्हील अशा वेगळ्या शाखा पडल्या. एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीत) एकाच नावाचे चुलतभाऊ वाढत गेले की त्यांना वेगळे ओळखण्याची गरज पडे. त्यामुळे सैनिकी उगमाने नावांचा एक गट समजतो, पण त्यांच्या आनुवंशिकतेचा उलगडा या स्थानिक गरजेनेच अधिक समाधानकारकपणे होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही जोडनावे मागे पडली. मात्र कोणत्या शाखेने कोणते नाव ठेवावे याला नियम नव्हता, आणि म्हणून सख्ख्या भावांचे वंशज आज भिन्न आडनावांनी वावरतात.

वंशशोधनाचा मुख्य आधार म्हणजे कॅथलिक पॅरिशच्या नोंदवह्या. १६६७ च्या फ्रेंच राजाज्ञेने त्या दोन प्रतींत ठेवण्याचा दंडक घातला, त्यामुळे एक प्रत नष्ट झाली तरी दुसरी हाती लागण्याची शक्यता राहते. क्वेबेक शहरातील आरंभीच्या नोंदी मात्र १६४० च्या आगीत जळाल्या व नंतर स्मरणाने पुन्हा लिहून काढाव्या लागल्या. विवाहाच्या नोंदीत सामान्यतः वधूवर दोघांच्याही आईवडिलांची नावे असल्याने शोध विवाहाकडून विवाहाकडे मागे नेला जातो. स्त्रीचे माहेरचे आडनाव दफनाच्या नोंदीपर्यंत टिकत असल्यामुळे मातृवंशही सलग लागतो. (१९८१ पासून क्वेबेकच्या कायद्यानुसार विवाहानंतर पतिपत्नींची नावे बदलत नाहीत.) बाप्तिस्म्याच्या नावांबाबत सावध राहावे लागते, कारण पुढील काळात मुलांच्या नावाआधी जोझेफ व मुलींच्या नावाआधी मारी लावण्याचा प्रघात पडला, वापरातले नाव बहुधा शेवटचे असे.

नोटरींनी (करारनामे लिहून ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी) नोंदविलेले विवाहकरार हा पूरक पुरावा होय. १६३४ मध्ये आलेला सुतार झाकारी क्लुतिये याला लिहिता येत नव्हते. अशा दस्तऐवजांवर तो सहीऐवजी कुऱ्हाडीची आकृती काढी. सिप्रियां तांगे या धर्मगुरूचा सात खंडांचा वंशकोश (१८७१–९०) आजही पाहिला जातो, पण त्यातील चुका लक्षात घेता माँट्रिअल विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाची सामग्री पडताळणीसाठी अधिक भरवशाची मानावी.

१८४० ते १९३० या काळात सुमारे नऊ लाख फ्रेंच कॅनेडियन अमेरिकेत, बहुतांशी न्यू इंग्लंड या ईशान्येकडील राज्यांत गेले. तेथे आडनावांचे इंग्रजी भाषांतर होऊन र्‍वाचे (राजा) किंग, ब्वाव्हेरचे (हिरवे रान) ग्रीनवुड झाले. अकॅडियन, म्हणजे कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील अकॅडिया या फ्रेंच वसाहतीतील, घराण्यांतही जोडनावे आढळतात, परंतु ब्रिटिशांनी १७५५ पासून केलेल्या त्यांच्या हद्दपारीत तेथील बऱ्याच नोंदवह्या नाहीशा झाल्या. ग्रां-प्रे येथील अठराव्या शतकातील काही वह्या तेवढ्या लुइझियानात पोहोचल्या व त्या बॅटन रूझ येथे जतन केलेल्या आहेत.