‘ब्राउझर रॅम खातो’ : लिनक्सवरच्या एका तक्रारीची पार्श्वभूमी

लिनक्सवर फायरफॉक्स किंवा क्रोम जड चालायला लागलं की मिळणारे सल्ले ठरलेले असतात. स्वॅपिनेस (रॅममधलं सामान डिस्कवर हलवण्याची ओढ) ६० वरून १० वर आणा. कॅशे साफ करा. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा. लगेच दुसरा म्हणतो, अहो चालू करा, म्हणजे चित्रांचं काम ग्राफिक्स चिपकडे जाईल. प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरच्या सेटिंग-हिस्ट्रीचा फोल्डर, रॅममध्ये हलवा. उबुंटूचं स्नॅप पॅकेज उपटून टाका. यातला प्रत्येक सल्ला कधी ना कधी, कोणाच्या तरी मशीनवर, अगदी बरोबर होता. पण औषधाच्या पट्टीवर एक्स्पायरी छापलेली असते, तशी सल्ल्यावर नसते. त्यामुळे २००८ चा काढा २०२४ च्या लॅपटॉपला पाजला जातो.

मराठी वाचणाऱ्यांना झळ पोचलेलं सगळ्यात जुनं उदाहरण पँगोचं. फायरफॉक्स १.५ आणि २ च्या काळात लिनक्सवर देवनागरी नीट दिसायची ती पँगो नावाच्या लायब्ररीच्या जिवावर. लिनक्सची काही वितरणं, म्हणजे तयार संच, पँगो जोडूनच फायरफॉक्स बांधत. त्यामुळे पानं थोडी रेंगाळत, हेही खरं होतं. मग ‘मोझ डिसेबल पँगो’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ करून ठेवा, असा टोटका पसरला. इंग्रजी वाचणाऱ्याला फुकटात वेग मिळे. आपल्याकडे मात्र ‘स्थिती’ या शब्दाची पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ‘स्’ एकटा उभा राही. वेग हवा की वेलांटी, एवढाच प्रश्न होता. आज फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही अक्षरजुळणी हार्फबझ या लायब्ररीकडून करून घेतात आणि तो टोटका निकामी झाला आहे.

जून २००८ मध्ये फायरफॉक्स ३ आलं, आणि त्याआधीच त्याची बीटा आवृत्ती उबुंटू ८.०४ या वितरणासोबत लोकांच्या मशीनवर पोचली होती. हिस्ट्री आणि बुकमार्क आता एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये जाऊ लागले. वीज गेली तरी नोंद जाऊ नये म्हणून ब्राउझर कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगे, ‘हे आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव’. या हाकेला एफसिंक म्हणतात. पण तेव्हाची सर्रास वापरली जाणारी फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) ईएक्सटी३ आपल्या नेहमीच्या मोडमध्ये एकट्या ब्राउझरचं लिखाण उतरवत नसे. त्या क्षणी रांगेत जे काही असेल ते सगळं उतरवून मगच ती मोकळी होई. बाजूला एखादी मोठी आयएसओ फाइल कॉपी होत असेल, तर एका साध्या लिंकवर क्लिक केल्यावर ब्राउझर कित्येक सेकंद गोठे. सीपीयू निवांत, रॅम मोकळी, आणि खिडकी राखाडी. दोष ब्राउझरचा की फाइलसिस्टीमचा यावर बराच वाद झाला. शेवटी ब्राउझरने ही हाक मारणं कमी केलं आणि यथावकाश ईएक्सटी४ आली. प्रोफाइल रॅममध्ये ठेवण्याच्या सल्ल्याला बळ मिळालं ते याच अनुभवातून. एसएसडीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, तरी तो दिला जातोच.

फ्लॅश या व्हिडिओ-अ‍ॅनिमेशनच्या जुन्या प्लगइनबद्दल फार लिहीत नाही. ६४ बिटच्या मशीनवर ३२ बिटचं प्लगइन चालवणारी ‘एनपीव्ह्यूअर डॉट बिन’ ही प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) ज्यांनी टॉपमध्ये, म्हणजे चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या आदेशात, सीपीयूच्या शंभर टक्क्यांवर बसलेली पाहिली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

आता मुख्य गुंता. ब्राउझर ‘किती मेमरी वापरतो’ हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं, पण लिनक्सवर त्याचे किमान चार अर्थ होतात आणि भांडणारे दोघे बहुतेक वेळा वेगवेगळे अर्थ धरून भांडत असतात.

हा गुंता वाढला तो ब्राउझरच्या रचनेमुळे. क्रोम २००८ मध्ये विंडोजवर आलं तेच प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस देणारं. लिनक्सवर त्याची स्थिर आवृत्ती मे २०१० मध्ये पोचली. फायरफॉक्सने तोच मार्ग धरायचं २००९ मध्ये ठरवलं, पण जुनी एक्स्टेन्शन्स आडवी आली. वेबपानांची प्रोसेस वेगळी व्हायला ऑगस्ट २०१६ उजाडला, आणि एकाहून जास्त व्हायला जून २०१७. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली आणि हिशेब बदलला. एकाच प्रोसेसमध्ये दोन वेबसाइट नांदू देणं आता सुरक्षित राहिलं नव्हतं. त्याच वर्षी क्रोम ६७ ने साइट आयसोलेशन, म्हणजे प्रत्येक साइटला वेगळी प्रोसेस, डेस्कटॉपवर सरसकट चालू केलं. त्यासाठी १० ते १३ टक्के जास्त मेमरी लागेल, हे बनवणाऱ्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. फायरफॉक्सने हेच २०२१ च्या अखेरीस केलं. परिणामी बातमीच्या एका पानात दुसऱ्या साइटची जाहिरात बसवलेली असली तर तिलाही स्वतंत्र प्रोसेस मिळते. ‘मी तर पाचच टॅब उघडलेत, मग वीस प्रोसेस कशा’ याचं उत्तर हे.

आता टॉप उघडून बघा. मेमरीचे तीन रकाने दिसतात. पहिला व्हर्ट, म्हणजे प्रोसेसने मागून ठेवलेली पत्त्यांची जागा. ती फक्त कागदावर असते. गावात सात-बारा हजार एकरांचा आणि नांगराखाली दोन एकर, तसं. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर क्रोमच्या प्रोसेससमोर या रकान्यात एक टेराबाइटहून मोठा आकडा दिसतो, आणि नवखा माणूस तो पाहून हादरतो. जावास्क्रिप्टचं इंजिन सुरक्षेसाठी तेवढी जागा नुसती आखून ठेवतं; रॅमचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरा रकाना रेस. ही खरोखर रॅममध्ये असलेली मेमरीची पानं (वेबपानं नव्हेत, मेमरीचे छोटे तुकडे), म्हणून लोक याच आकड्यांची बेरीज करतात. आणि इथेच फसतात. समजा ब्राउझरच्या १२ प्रोसेस आहेत आणि प्रत्येकीसमोर २५० एमबी दिसतंय. बेरीज ३,००० एमबी. पण त्या २५० पैकी १०० एमबी ही सगळ्यांची सामाईक लायब्ररी आणि सामाईक डेटा असेल, तर ती रॅममध्ये एकदाच आहे. खरा खर्च १२ गुणिले १५०, अधिक १००, म्हणजे १,९०० एमबी. उरलेले ११०० एमबी आपल्या बेरजेने जन्माला घातले. तिसरा रकाना एसएचआर हा सामाईक भाग दाखवतो, पण तो किती जणांत सामाईक आहे हे सांगत नाही. टॉपचाच सजवलेला भाऊ एचटॉप वापरणाऱ्यांची आणखी एक फजिती होते. तिथे मुळात थ्रेडही (एकाच प्रोसेसमधली समांतर कामं) वेगळ्या ओळींत दिसतात, प्रत्येकासमोर त्याच प्रोसेसचा तोच आकडा. ते सगळे बेरजेत धरले तर लॅपटॉपमध्ये बसवलेल्या रॅमपेक्षा जास्त रॅम ‘खाल्लेली’ निघते. असा दावा करणारे स्क्रीनशॉट मी स्वतः पाहिलेत.

यावरचा उपाय कर्नलमध्ये २००८ पासूनच आहे. २.६.२५ या आवृत्तीत पीएसएस नावाचं माप आलं. सामाईक पान जितक्या प्रोसेस वापरतात तितक्यांत वाटून टाकायचं, चहाच्या बिलासारखं. वरच्या उदाहरणात प्रत्येकीच्या वाट्याला १५० अधिक आठ-साडेआठ एमबी येतात आणि बेरीज बरोबर १,९०० भरते. म्हणजे क्रोम लिनक्सवर स्थिर होण्याच्या दोन वर्षं आधी योग्य माप हजर होतं. पण हा आकडा काढायला कर्नलला प्रत्येक पान मोजावं लागतं, ते महाग पडतं, म्हणून टॉपच्या ठरलेल्या रकान्यांत तो कधी बसला नाही. माझ्या मते ‘ब्राउझर रॅम खातो’ या तक्रारीची अर्धी कीर्ती या न दाखवलेल्या रकान्याची आहे. उरलेली अर्धी ब्राउझरने स्वतः कमावलेली आहे, तेही मान्य. २०११ पर्यंत फायरफॉक्सच्या मेमरी गळतीची बोंब इतकी झाली होती की तिच्यासाठी स्वतंत्र मोहीम काढावी लागली, आणि त्या वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत फरक जाणवला.

चौथा अर्थ फ्री या, एकूण रॅमचा हिशेब दाखवणाऱ्या, आदेशाचा. लिनक्स रिकामी रॅम डिस्कवरच्या फाइलींची प्रत ठेवायला वापरतं. कोणी मागितली की सोडून देतं. जुन्या फ्रीमध्ये ही प्रतही ‘यूज्ड’ मध्येच मोजली जाई. ब्राउझर बंद केला तरी रॅम भरलेलीच! मग कर्नलच्या ‘ड्रॉप कॅशेस’ फाइलीत ३ लिहायचा टोटका निघाला. काही जणांनी तो दर तासाला चालेल असा क्रॉन या वेळापत्रकातही टाकला. आकडा सुंदर दिसे आणि मशीन आणखी मंद होई, कारण नुकतीच फेकलेली प्रत पुन्हा डिस्कवरून आणावी लागे. २०१४ मध्ये कर्नल ३.१४ ने ‘मेमअव्हेलेबल’ हा अंदाज द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी फ्रीमध्ये ‘अव्हेलेबल’ रकाना आला. बघायचा तर हा एकच रकाना. तो शे-दोनशे एमबीवर आलेला नसेल, तर ब्राउझर मंद असण्याचं कारण रॅम नाही, दुसरीकडे शोधा.

हा रकाना खरोखर तळाला गेला की काय होतं, हा पुढचा अंक. लिनक्स तेव्हा ब्राउझरला मारत नसे, सगळ्या मशीनलाच मारत असे. माउस हलत नाही, डिस्कचा दिवा पेटलेला, आणि रॅम संपल्यावर प्रोसेस मारणारा कर्नलचा ओओएम किलर जागा व्हायला कित्येक मिनिटं. ऑगस्ट २०१९ मध्ये एका वापरकर्त्याने कर्नलच्या विकासकांपुढे हे दुखणं सोप्या कृतीत मांडलं : ४ जीबी रॅम, स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) बंद, ब्राउझर उघडा आणि टॅब उघडत राहा. कर्नल ४.२० मध्ये मेमरीचा ताण मोजणारी पीएसआय यंत्रणा आधीच आली होती. ती डेस्कटॉपवर वापरायला या चर्चेने जोर चढला. एप्रिल २०२० च्या फेडोरा ३२ या वितरणात अर्लीओओएम (रॅम पार संपण्याआधीच प्रोसेस मारणारा), ३३ मध्ये झेडरॅमचा स्वॅप (रॅममध्येच दाबून ठेवलेला), ३४ मध्ये सिस्टमडी-ओओएमडी (मेमरीचा ताण पाहून मारणारा), आणि एप्रिल २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ मध्येही तेच. पण कर्नलचा किलर एक प्रोसेस उचलतो, आणि क्रोम आपल्या टॅबना मुद्दाम ‘आधी मारा’ असे चढे गुण देऊन पुढे करत असल्याने एखादा टॅब जाऊन भागतं. ओओएमडी मात्र प्रोसेसचा सगळा गट उचलतो. त्यामुळे उबुंटूवर तक्रारीचं रूप पालटलं : मशीन गोठत नाही, पण चाळीस टॅबांसकट ब्राउझर एकाएकी गायब होतो, आणि लोक त्याला ब्राउझर क्रॅश झाला असं म्हणतात.

पंख्याच्या घरघरीचं मूळ सहसा रॅममध्ये नसतं, व्हिडिओत असतं. लिनक्सवर ब्राउझर वर्षानुवर्षं व्हिडिओ सीपीयूवरच उलगडत होते, ग्राफिक्स चिप हातावर हात ठेवून बसलेली. फायरफॉक्समध्ये २०२० मध्ये व्हिडिओ ग्राफिक्स चिपकडे सोपवणारं व्हीए-एपीआय आलं, आधी वेलँडवर आणि ऑगस्टच्या ८० व्या आवृत्तीत एक्स११ वर (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या या दोन यंत्रणा), तेही स्वतः सेटिंग बदलल्यास. इंटेलच्या चिपवर ते आपोआप चालू व्हायला जुलै २०२३ ची ११५ वी आवृत्ती लागली. मधल्या काळात, २०२२ मध्ये, फेडोराने पेटंटच्या भीतीने आपल्या मेसा या ग्राफिक्स पॅकेजमधून एच.२६४ या व्हिडिओ प्रकाराची हार्डवेअर सोय काढली, आणि एएमडीवाल्यांचे पंखे एका अपडेटनंतर पुन्हा फिरू लागले. ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालू करा’ आणि ‘बंद करा’ हे दोन्ही सल्ले एकाच वेळी खरे असू शकतात ते असे.

शेवटी स्नॅप, म्हणजे ब्राउझर आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज. उबुंटूने क्रोमियम २०१९ मध्येच स्नॅपवर नेलं होतं. ऑक्टोबर २०२१ च्या २१.१० मध्ये फायरफॉक्स नेलं आणि २२.०४ मध्ये नेहमीच्या पद्धतीचं जुनं डेब पॅकेज नावापुरतं ठेवलं. मागितलं की स्नॅपच बसे. प्रत्येक आवृत्तीसाठी ब्राउझर वेगळा बांधत बसण्यापेक्षा एकदाच बांधावा, हे कारण खोटं नव्हतं. पण माणसाने एक मागावं आणि मुकाट्याने दुसरं हातात द्यावं, याचा राग रास्त होता. पहिल्यांदा उघडायला लागणारा वेळही खरा होता आणि तो उबुंटूवाल्यांनी कबूल केला : दाबून भरलेली फाइल उलगडणं, पहिल्याच वेळी सगळे भाषासंच कॉपी करणं, काही मशीनवर ग्राफिक्स चिप सापडतच नसल्याने सीपीयूवर चित्र काढणं. बरंचसं पुढे सुधारलं. जानेवारी २०२४ मध्ये फायरफॉक्सवाल्यांनी स्थिर आवृत्तीचं स्वतःचं डेब पॅकेजही द्यायला सुरुवात केली.

आता त्यावरून नवी कहाणी सुरू आहे : स्नॅप काढलं, डेब टाकलं, फायरफॉक्स उडायला लागलं. यातला काही वेग खराच डेबचा. पण स्नॅपचं प्रोफाइल होम फोल्डरमधल्या ‘स्नॅप’ नावाच्या फोल्डरात राहतं आणि डेब तिकडे बघत नाही. ते कोरं प्रोफाइल घेऊन उघडतं : ना ती चौदा एक्स्टेन्शन्स, ना तीन वर्षांची हिस्ट्री, ना मागच्या दिवाळीपासून उघडे असलेले टॅब.