गाळातलं तांबं कुणाचं?

बडोदेकरांच्या पिण्याच्या पाण्यातलं बरंचसं येतं मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलमधून, म्हणजे वाळूतून झिरपणारं पाणी गोळा करणाऱ्या विहिरींमधून. कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणीही जातं महीलाच, फक्त बरंच खाली. शहराजवळच्या धनोऱ्याहून निघालेला इफ्लुएंट चॅनल, म्हणजे सांडपाण्याचा कालवा, सुमारे 55 किलोमीटर अंतर कापून जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ खाडीत उतरतो. 1983 पासून हे चालू आहे. दांडिया बाजारात कुणाशी हा विषय काढा, "समुद्रात गेलं ना, मग झालं!" हे ठरलेलं उत्तर. खंबातच्या आखातात भरतीचं पाणी 10 मीटरच्या आसपास चढतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिकच आहे.

पाणी जातंही. धातू मात्र बरेचसे मागे राहतात, आणि त्याला कारण खारेपणाच.

चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात आणि शिसं, तांबं, जस्त यांचे आयन त्यांना चिकटून प्रवास करतात. खाडीत खारं पाणी भेटलं की मिठातले आयन हा भार झाकून टाकतात, कण एकमेकांना बिलगतात आणि तळाशी बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं तसं. कॅडमियमची तऱ्हा उलटी. त्याची क्लोराईडशी गट्टी इतकी की खाऱ्या पाण्यात ते मातीचा कण सोडून परत विरघळतं. एकाच खाडीत शिसं खाली बसत असतं आणि कॅडमियम सुटत असतं.

मग गाळ तपासला, किलोमागे 100 मिलिग्रॅम तांबं निघालं, तर घाबरायचं का? जगभरच्या शेल खडकांची (चिखल घट्ट होऊन बनलेल्या) सरासरी 45 धरतात, म्हणजे हे दुपटीहून जास्त. पण आपल्याकडच्या नद्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज घेऊन येतात, आणि त्या बेसॉल्टमध्ये मुळातच 100 च्या वर तांबं सापडतं. कारखाना नसता तरी आकडा मोठाच आला असता. म्हणून जाणकार धातूची तुलना त्याच गाळातल्या ॲल्युमिनियमशी करतात. ॲल्युमिनियम बहुतांशी खडकातलंच. त्याच्या प्रमाणात न बसणारं जे उरेल, ते माणसाच्या खात्यावर. (त्या खात्यात आपण सगळेच. क्रोम यलो हा रंग म्हणजे लेड क्रोमेट. मूर्तींना रासायनिक रंग आले तेव्हापासून विसर्जनाबरोबर काय काय पाण्यात गेलं असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.)

माझ्या मते त्याहून मोलाचा प्रश्न पुढचा: धातू किती घट्ट धरलेला आहे? खनिजाच्या स्फटिकात अडकलेलं क्रोमियम खेकड्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं. कणाच्या पृष्ठभागावर नुसतं चिकटलेलं जस्त तसं नाही. 1979 साली संशोधक टेसिए आणि सहकाऱ्यांनी एकाच नमुन्यावर आधी सौम्य, मग तीव्र रसायनं टाकत धातूंचे पाच गट वेगळे करायची पद्धत मांडली. बातम्यांत छापतात तो एकूण आकडा. या गटांचा पत्ताही नसतो.

नमुना घेतानाची काळजीही त्यासाठीच. स्टेनलेस स्टीलचं खुरपं नको, त्यात स्वतःचंच क्रोमियम आणि निकेल असतं; चमचा प्लॅस्टिकचा. वरचा थर तपकिरी. त्याखाली लगेच काळा, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा. तिथे प्राणवायू नसतो. जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात आणि शिसं, तांबं, कॅडमियम त्या सल्फाइडशी जखडून बसतात. म्हणून नमुन्याच्या पिशवीत हवा राहू द्यायची नाही. जहाजांसाठी असा गाळ उपसला की त्याला हवेतला प्राणवायू भेटतो आणि जखडलेलं सुटू लागतं.

पाऱ्याच्या बाबतीत तर न उपसताही धोका असतो, कारण याच बिनहवेच्या थरातले जिवाणू त्याचं मिथाइल पारा हे जास्त विषारी रूप करतात आणि तो माशांमधून अन्नसाखळीत वर, माणसापर्यंत चढतो. जपानच्या मिनामाता उपसागराकाठी असे मासे खाणाऱ्यांना झालेला पाऱ्याच्या विषबाधेचा आजार 1956 मध्ये उघड झाला. तिथला पारायुक्त गाळ काढून बंदिस्त करायचं काम 1977 ला सुरू झालं आणि 1990 मध्ये संपलं.